बंबाची शेड

माघ संपत आला की आमच्या सड्यावरचं, या उघड्या कातळी पठारावरचं, गवत कडक होतं. पावसाळ्यात हाच सडा हिरवा असतो, दिवाळीत सोनेरी होतो, आणि बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. फोटो काढण्यासारखंच असतं ते, मी नाही म्हणत नाही. पण आता, फाल्गुनाच्या तोंडावर, वारा सुटला की त्या गवतातून जुना कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. मी पडवीत काजूगर निवडत बसलेली असते. खालच्या बागांतून मोहोराचा वास येतो, मागून पडून सडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास येतो. हे दोन्ही वास एकेकाळी मला बरकतीचे वाटायचे. आता झुळूक आली की मी आधी ती हुंगते, आणि तिच्यात धूर नाही अशी खात्री पटली की मगच हात पुन्हा सुपात घालते.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, बंबाची शेड दिसते. चिऱ्याचे चार खांब आणि वर पत्रा. आत बंब नाही. आत पेंढा आहे, पार पत्र्याला टेकेल इतका रचलेला. आगीच्या गाडीसाठी बांधलेल्या जागेत वाडीने वाळका पेंढा भरून ठेवला आहे आणि त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही. मी एकदा बोलून पाहिलं. तर म्हणाले, पावसात भिजत नाही वयनी, आणि जागा रिकामीच होती.

मी भांडकुदळ आहे असं माझ्या माघारी म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. माझं माहेर हेदवीच्या बाजूचं. लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या या सड्यावर आले आणि नवरा लवकर गेला. मग मांडवीच्या किनाऱ्यावर टोपली घेऊन भाजलेले काजू विकत बसायला लागले. घाटावरून आलेले पर्यटक काजूचं पाकीट हातात घेऊन आधी हसतात, मग म्हणतात, 'मावशी, शेवटचं बोला.' शेवटचं कधी बोलायचं नसतं हे मी तिथे शिकले. समोरचा पाठ फिरवून निघाला तरी हाक मारायची नाही. समुद्राकडे बघत बसायचं. थोडं पुढे जाऊन तो थांबतोच.

त्या टोपलीतून मी हा कातळ घेतला. लोक हसले. कातळावर काय पिकवणार, म्हणाले, उन्हाचे तुकडे? मी सुरुंग लावून खड्डे फोडले, खालच्या मळ्यातली माती डोक्यावरून वाहिली, हापूसची कलमं लावली आणि कडेने काजू. उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला घागरीने पाणी घातलं. पहिली कैरी धरली ती विकली नाही. मीठ लावून, झाडाखाली उभ्याने, एकटीने खाल्ली. पुढे काजू फोडायचा छोटा कारखाना झाला, वाडीतल्या बायका कामाला आल्या, रत्नागिरीचे दुकानदार मला खुर्ची द्यायला लागले. पण माझं म्हणून जे होतं ते त्या बागेत होतं. बाकी सगळं व्यापारात आलं आणि गेलं.

वणवा आम्हाला नवा नाही. फाल्गुन-चैत्रात भाताच्या रोपांची जागा भाजावी लागते. शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला आम्ही भाजावळ म्हणतो. बहुतेक वणवे भाजावळीतून सुटतात. म्हणून ती पहाटे पेटवायची, गवतावर दंव असताना, वारा उठायच्या आत. एकट्याने पेटवायची नाही. आदल्या दिवशी वाडीत सांगायचं आणि माणसं टाळ घेऊन उभी करायची. टाळ म्हणजे पानांसकट तोडलेली ओली फांदी. आग सरकायला लागली की त्यानेच झोडपायची.

माझे चुलत दीर दत्ताराम, मी त्यांना दत्ताभावजी म्हणते, यांचा आवाज म्हणजे सड्याचा भोंगा होता. धूर दिसला की ते गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या त्या सुट्या भिंतीवर, चढायचे आणि एक लांब हाक द्यायचे. तिच्यात शब्द नसायचा. ती ऐकली की बायका तव्यावरची भाकरी तव्यावर सोडून निघायच्या. माझ्याशी बोलणं टाकलेली माणसं माझ्याच बागेच्या कडेला टाळ घेऊन धावताना मी पाहिली आहेत. आग विझली की सगळे काळी तोंडं घेऊन माझ्या पडवीत बसायचे आणि कोकमाचं सरबत प्यायचे. ज्याच्याशी अबोला असेल त्याला मी दुसऱ्याच्या हातून पेला द्यायची. तो दुसऱ्याच्याच हातून रिकामा पेला परत करायचा. भांडण आपल्या जागी, आग आपल्या जागी.

मग एक बातमी वाचली. एका मोठ्या शहराच्या अग्निशमन दलाने नवे बंब विकत घेतले होते. पेपरात फोटो होता, गाड्या ओळीने उभ्या, पुढे नारळ घेतलेली माणसं. शिड्या म्हणे पार उंच इमारतींच्या गच्चीपर्यंत जातात. आमच्याकडे उंच म्हणजे माड. मी त्या नव्या गाड्यांकडे पाहिलंच नाही. माझ्या मनात आलं, जुन्या कुठे उभ्या असतील? नवी वस्तू दारात आली की त्या घरात जुनीची किंमत जाते, ती अडचण होऊन बसते. अडचण मागायची नसते. आपण उचलून नेतो, तुमची जागा मोकळी करतो, असं बोलायचं असतं. बातमीत खाली लिहिलंच होतं की जुन्या गाड्या लहान गावांना देणार.

गाड्यांचं वाटप करणारे साहेब रत्नागिरीला आले तेव्हा मी सकाळीच जाऊन बसले. गोरेसे, मऊ बोलणारे गृहस्थ. म्हणाले, गाडी गावातच राहील. मी म्हटलं, गावाला समुद्र आहे, नळ आहेत. आमच्याकडे नुसतं गवत आहे. त्यांनी विचारलं, शेड? म्हटलं, जागा माझी, बांधकाम वाडीचं. पाणी? माझी विहीर. ड्रायव्हर कुठे राहील? दत्ताभावजींच्या बाहेरच्या खोलीत. त्यांना विचारलंत का, म्हणाले. मी सांगितलं, ते मला नाही म्हणत नाहीत. साहेब हसले. शिमग्याच्या आधीपासून पावसापर्यंत बंब सड्यावर आणि उरलेलं वर्ष गावात, असं ठरलं. दुपारच्या जेवणाच्या आत सौदा झाला. परत येताना रिक्षात मला उगाचच चुकल्यासारखं वाटत होतं. इतक्या लवकर माझ्याशी कोणी हो म्हणत नाही.

बंब आला त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. मोठ्या शहराचं नाव रंगाने पुसलं होतं, पण पत्रा ओला झाला की ती अक्षरं खालून दिसायची. बायकांनी ओवाळलं. पुढच्या बंपरला आंब्याचा टाळ बांधला. गुरवाने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ही गाडी लांबून तुझ्या पायाशी आली हाय. हिला हितं सुखात ठेव. हिच्यावर कामाची पाळी आणू नको." सगळी वाडी म्हणाली, होय म्हाराजा. दत्ताभावजी माझ्या कानाशी कुजबुजले, "काम नाय तर पगार कसा खायची ती?" भर गाऱ्हाण्यात मला हसू आलं.

ड्रायव्हर कदम साताऱ्याकडचा. माशाच्या काट्यांना घाबरायचा आणि आमच्या उन्हाला शिव्या द्यायचा. रोज सकाळी पंप चालवून बघावा लागतो, असा त्याचा नियम. पाणी कुठेतरी सोडायचंच, तर तो पाइप माझ्या बागेकडे वळवायचा. सकाळचं ऊन तिरपं आलेलं असायचं, पाण्याची कमान कलमांवरून जायची, आणि तापायला लागलेल्या कातळावर पाणी पडलं की एक वास उठायचा. पावसाचा नाही तो. अंगणात सडा घातल्याचाही नाही. लोखंड, भिजलेलं कापड आणि दगड यांचा मिळून झालेला. मोहोर ओला झालेला चालत नाही म्हणून मी ओरडायची, आणि कदम पाइप खाली करून मुळांशी पाणी द्यायचा. मी त्याला ओरडून सांगायची की सरकारी पाणी आहे, बेताने. तो ओरडून म्हणायचा, "विहीर तुमचीच हाय की वहिनी." वाडीतली माणसं दात घासत हे बघायला उभी राहायची. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी घासाघीस करून मिळवल्या, पण ती पाण्याची कमान बघताना मला वाटायचं, ही मी वाजवीपेक्षा स्वस्तात आणली.

पहिल्या वर्षी धूर दिसला तेव्हा दत्ताभावजी गडग्यावर चढेपर्यंत बंब निघाला होता. माणसं टाळ घेऊन धावली, पण पोचली तेव्हा नुसती वाफ होती. टाळ टाकून, हसत परत आली. दुसऱ्या वर्षी धावली नाहीत, चालत गेली. एकदा मी भावजींना म्हटलं, हाक दिली नाहीत ती? म्हणाले, "कशाला वयनी? तिचा भोंगा माझ्यापरीस मोठा हाय." आणि खरोखरच त्यांना बरं वाटत होतं, दम लागत नव्हता म्हणून.

भाजावळ पहाटेची हळूहळू सकाळवर आली. मग चहा-नाश्ता होऊन, उन्हं वर आल्यावर. थंडीत कोण उठणार? मी दरवर्षी बागेभोवतीचं गवत कापून आग अडवायचा पट्टा मोकळा करून घ्यायची. त्या कामाला येणारी माणसं म्हणाली, बंब हाय ना वयनी, कशाला मजुरी घालवता? मी मजुरी घालवणारी बाई नाही. त्या वर्षी पट्टा अर्धाच काढला. नंतरच्या वर्षी पुढे काढू म्हणून राहिला.

तिसऱ्या हंगामात बंब नेहमीसारखा माघात आला, बायकांनी दरवर्षीसारखा नवा टाळ बांधला, आणि शिमगा तोंडावर असताना कदम एके सकाळी गणवेश घालून माझ्या पडवीशी उभा राहिला. एरवी तो गणवेश काजूच्या फांदीवर टांगलेला असायचा. मी ओळखलं. तरी विचारलं, कुठे आग? म्हणाला, आग नाही, गाडी परत मागवली. शहरातल्या नव्या गाड्या चालत नाहीत. काहीतरी सुटा भाग यायचा आहे, तोवर जुन्या बोलावल्या आहेत. मी जाऊन बंबाच्या पुढ्यात उभी राहिले. वाडी जमली. कदमला घाम फुटला. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुम्ही हितं उभ्या राहा, मी बसून चहा पितो. दुपारी पण न्यायची हाय आणि सांजच्याला पण न्यायची हाय. माझ्या हातात एवढंच हाय की कधी."

मी साहेबांना फोन लावला. तो फोन मी अजून मनात लावते. काजू निवडताना, भात शिजत असताना.

मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता, पावसापर्यंत. "बरोबर आहे मॅडम तुमचं." म्हटलं, वणव्याचा हंगाम आत्ता आहे, पावसात गाडी इथे पूजेला ठेवायची आहे का? "अगदी बरोबर आहे." म्हटलं, मग निदान पंप तरी उतरवून ठेवा. "बघतो." पाइप तरी? "बघतो ना." म्हटलं, परत कधी? "शिमग्याच्या आत पाठवतो." मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. पलीकडून शांतपणे आवाज आला, "तुमचा राग मी समजू शकतो मॅडम."

जो नाही म्हणतो त्याच्याशी घासाघीस करता येते. त्याचं 'नाही' कुठेतरी ढिलं असतं, ती जागा शोधायची असते. हो म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? त्याच्याकडे धरायला काही नसतं. मांडवीच्या किनाऱ्यावर असं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नव्हतं. ते पूर्ण भाव कबूल करतं, पाकीट घेतं, आणि हसत हसत निघून जातं.

मी बाजूला झाले. शिमग्याच्या आत म्हणाला होता ना. बंब वळणावर दिसेनासा झाला तेव्हा बंपरवरचा आंब्याचा टाळ अजून हिरवा होता. शेडच्या खांबांना लाल बादल्या तेवढ्या राहिल्या, वाळूने भरलेल्या. पुढे कोणाच्या तरी गिलाव्याला वाळू कमी पडली आणि त्याही रिकाम्या झाल्या.

शिमगा आला. बंब आला नाही. मी रोज फोन करायची, साहेब रोज माझ्याशी सहमत व्हायचे.

पालखी आमच्या वाडीत यायची होती तो दिवस. मुंबईचे चाकरमानी आलेले, घराघरात माणूस मावत नव्हता. रांगोळ्या, ढोल, पुरणाचा वास. वर्षातून याच दिवशी आमच्या सड्यावर इतके हात असतात. आणि त्याच दुपारी, ऊन डोक्यावर असताना, खालच्या अंगाला कोणीतरी भाजावळ पेटवली. पालखी यायच्या आत उरकून टाकू, म्हणाला असेल. कोणाची भाजावळ ते सगळ्या वाडीला माहीत आहे. मी नाव घेत नाही. तो माझ्या कारखान्यात काजू घालायचा आणि अजून घालतो.

धूर मी आधी हुंगला, मग पाहिला. दत्ताभावजी तेव्हा माझ्या पडवीतच होते. ते उठले, गडग्यापर्यंत गेले, चढले. दोन-तीन वर्षांनी चढत होते. त्यांनी हाक दिली. आवाज अजून होता. मी सांगते, होता. वाडीच्या प्रत्येक घरातून माणसं बाहेर आली.

आणि अंगणात उभी राहिली. सगळी रस्त्याकडे बघत होती. बंब गेला हे लहान पोराला माहीत होतं. माझी शिवीगाळ सगळ्यांनी कानांनी ऐकली होती. तरी माना तिकडेच. कोणी म्हणालं, फोन केलाय. दुसरा म्हणाला, मी पण केलाय. चाकरमान्यांनी मोबाइल उंच धरून आग टिपायला सुरुवात केली. मी आंब्याची फांदी मोडायला गेले, ती हातात येईना, कोयता सापडेना. पूर्वी प्रत्येक घराच्या कुडाला एक कोयता लटकत असायचा. भावजी गडग्यावरून खाली उतरले आणि एकटे धावले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी त्यांच्या मागे. मग माझ्या कारखान्यातल्या बायका आल्या, नव्या साड्या खोचून. पण तोवर वाऱ्याने आग गवतावरून उचलली होती, आणि जिथे पट्टा असायला हवा होता तिथे गुडघाभर गवत उभं होतं.

काजूचं झाड पेटताना तडतडतं. टरफलात तेल असतं, त्याचा काळा धूर डोळ्यांत तिखटासारखा जातो. आंबा तसा पेटत नाही. तो उभ्या उभ्या भाजतो. पानं आधी तांबूस होतात आणि गळत नाहीत. कैऱ्या देठाला लटकलेल्याच शिजतात. सड्यावर कच्च्या कैरीच्या पन्ह्याचा वास सुटला होता. उन्हाळ्यात घराघरांतून येतो तसाच, गोड. मला तेव्हापासून पन्हं जात नाही.

रत्नागिरीचा बंब आला, दुसऱ्या एका आगीवरून थेट आला होता बिचारा. आमच्या बंबापेक्षा रुंद, पाखाडीच्या अरुंद वाटेतून आत शिरेना. त्या पोरांनी लांबून पाइप ओढत आणला आणि निखारे विझवले. कोळशावर पाणी पडून चर्र होत राहिलं. संध्याकाळी पालखी आली. पालखी काही थांबत नाही. राख पायाने सारून रांगोळी पुन्हा काढली. मी ओटी भरली आणि देवाला काही मागितलं नाही.

ज्येष्ठात, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, मी त्या मोठ्या शहरात गेले. भांडायलाच गेले. साहेबांनी मला बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. मी बाग सांगितली. ते खरोखर हळहळले, मला खोटं बोलणं कळतं. मी म्हटलं, माझी गाडी दाखवा. ते मला मागच्या आवारात घेऊन गेले. नव्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. आता चालतात, म्हणाले, पण माणसांना शिकवायचं राहिलं आहे. शेवटी भिंतीला लागून माझा बंब होता. चाकं काढून विटांवर ठेवलेला. पंप नव्हता. दुसऱ्या एका जुन्या गाडीला त्याचे भाग लावले होते. तो आमच्याकडून गेल्यापासून एकाही आगीवर गेला नव्हता. गुरवाचं गाऱ्हाणं देवाने तंतोतंत ऐकलं होतं. पावसाने पत्रा ओला होता आणि पुसलेल्या रंगाखालून शहराचं नाव वाचता येत होतं. बंपरला आंब्याचा टाळ होता, वाळून चॉकलेटी झालेला, तरी गाठ पक्की. आमच्या बायका गाठ पक्की मारतात.

मी साहेबांकडे वळले. इतक्या महिन्यांचं मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते म्हणाले, "हे व्हायला नको होतं मॅडम. तुमचं बरोबरच आहे." मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि स्टँडवर येऊन एसटी पकडली.

दत्ताभावजींनी मनातलं बोलून दाखवलं ते त्या पावसात. आम्ही करपलेल्या कलमांची साल नखाने खरवडून बघत होतो, आत हिरवं आहे का. कुठे कुठे होतं; भाद्रपदापर्यंत तेही सुकलं. ते सहज म्हणाले, रागाने नाही: "वयनी, तुम्ही बंब आणलात ना, त्या दिवशी आपले हात गेले."

मी हे मानत नाही. तेव्हा मानलं नाही, आज मानत नाही. मी भीक मागून आणला नव्हता, शब्द घेऊन आणला होता. शब्द मोडला तो मोडणाऱ्याचा दोष. हात गेले ते ज्याचे त्याचे. कोणी कोणाचे हात कापून नेत नाही. मी त्यांना हे सगळं मोठ्याने सुनावलं, आणि वर असंही म्हटलं की तुमच्या हाकेला माणूस आलं नाही त्याला मी काय करू? त्यांनी नखातली साल झटकली. छत्री उघडून निघून गेले. मग किती तरी दिवस आमच्यात पेल्याची देवघेवसुद्धा झाली नाही, कारण पेला न्यायला तिसरं कोणी पडवीत येत नव्हतं.

आता हा फाल्गुन. परवा साहेबांचा फोन आला, स्वतःहून. त्यांनी माझा नंबर जपून ठेवला आहे. शहराने पुन्हा नव्या गाड्या घेतल्या, त्यामुळे काही जुन्या मोकळ्या होतील, बहुधा एखादी तुमच्याकडे वळवता येईल, म्हणाले. शेड शाबूत आहे ना मॅडम? मी समोर पाहिलं. पेंढा पत्र्याला टेकला होता. मी म्हटलं, आहे. "छान." मग ते थांबले. मी काहीतरी मागेन असं त्यांना वाटत असावं. कधी, किती दिवस, लेखी देता का, पंपासकट का. मी काहीच मागितलं नाही. समुद्राकडे बघत बसल्यासारखी गप्प राहिले, फक्त या वेळी समोरच्याने थांबावं अशी माझी इच्छा नव्हती. त्यांनी फोन ठेवला.

आज सकाळी दत्ताभावजी कोयता घेऊन दारात उभे. मीही माझा घेतला. बागेत वाचवण्यासारखं काही नाही. काळे बुंधे आहेत, आणि गेल्या पावसात मी हट्टाने लावलेली थोडी कलमं आहेत, त्यांतली किती जगतील देव जाणे. तरी पट्टा काढायला बसलो. पूर्वी या कामाला सगळी वाडी लागायची आणि हसतखिदळत उरकायची. आम्ही दोघं. ते थोडं कापायचे आणि बसायचे, मी थोडं कापायची आणि त्यांना बसल्याबद्दल बोलायची. दुपारपर्यंत जेवढं मोकळं झालं तेवढं आग एका उडीत पार करेल, हे दोघांनाही दिसत होतं. "सांजपातुर व्हईल," ते म्हणाले. काय होईल ते मी विचारलं नाही.

वारा सुटला. मी हुंगला. भावजींनीही मान वर केली. खालच्या अंगाला, माडांच्या मागून, धुराची एक बारीक रेघ वर येत होती. आम्ही दोघं कोयते हातात घेऊन उभे राहिलो, आणि दोघांच्याही माना आधी रस्त्याकडे वळल्या.